कोरडा तळ

आमच्या शहरात पाणी टँकरने येते. बोटही तशीच रस्त्याने आली. मुंबईकडच्या कुणा हौशी माणसाची जुनी शिडाची बोट माझ्या वडिलांनी विकत घेतली आणि दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती ट्रेलरवरून पैठण रस्त्यावरच्या आमच्या गोदामात उतरली. तिथे पूर्वी सरकीच्या पेंडीची पोती असत. त्या पेंडीच्या शिळ्या वासात, लाकडी टेकूंवर तोलून ठेवलेली ती पांढरी बोट मी पाहिली, तेव्हा तिच्याभोवतीची माणसे हळू आवाजात बोलत होती. परगावच्या आजारी पाहुण्याला घरात घेतल्यावर बोलतात तशी.

वडिलांना सगळे नानासाहेब म्हणतात; आम्ही दोघे भाऊ नाना म्हणतो. जायकवाडीच्या पाण्याकाठी त्यांना मोठे हॉटेल उभारायचे होते आणि त्यात राजेंद्रराव भागीदार होणार होते. राजेंद्ररावांची मुलगी मोनिका माझ्या थोरल्या भावाला, ऋतुराजला, सांगून आली होती. साखरपुडा अक्षय्य तृतीयेला, धरणाच्या पाण्यावर, याच बोटीत करायचा असे नानांनी ठरवले. त्यांनी एखादी गोष्ट ठरवली की घरातली भांडीसुद्धा कमी वाजतात.

बोटीच्या पोटात एक खोली होती. बसायला दोन बाके, लहानसा ओटा, चार काचेच्या खिडक्या आणि खाली लाकडी तळ. बोट कितीतरी पावसाळे उघड्यावर पडून होती. वरून शिरलेले पाणी साचून तळाच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या, फुगून एकमेकींवर चढल्या होत्या. पाय ठेवला की त्या भिजलेल्या पुस्तकासारख्या दबत आणि खालून कुबट वास वर येई.

दुरुस्तीचे काम अजिनाथकडे आले. अजिनाथ म्हणजे आमच्या गोदामाचे राखणदार केरबा यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. केरबा आणि त्यांची बायको बानाबाई पूर्वी मेंढ्या घेऊन फुलंब्रीच्या माळापासून गोदाकाठापर्यंत फिरत. आता गोदामामागच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत आणि थोड्याशा मेंढ्या सांभाळत. अजिनाथ वाळूजला फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करी. तो कारखाना बंद पडला, आणि नेमके त्याच वेळी देवगाव रंगारीच्या अंबिकेशी त्याचे लग्न जमत आले होते. अंबिकेला वडील नव्हते. तिचे मामा पुंडलिक यांनी एकच अट घातली होती: मुलाला कायमचे काम हवे.

ती अट नानांच्या कानावर गेली.

"बोट नीट करून दे," नाना अजिनाथला म्हणाले. "मग तीच सांभाळ. धरणावर पक्की खोली देतो, पगार देतो. सांग तुझ्या पाहुण्यांना माझं नाव."

त्या नावावर लग्न ठरले. तारीखही अक्षय्य तृतीयेचीच निघाली. देवगावच्या सामुदायिक विवाहात, दुपारचा मुहूर्त. त्या दिवसाची सुट्टी नानांनी हसत हसत दिली.

मी तेव्हा शिक्षण संपवून घरी बसलो होतो. चार माणसांत बोलायचे म्हटले की माझे शब्द घशातच अडखळतात, म्हणून नाना मला कुठे नेत नसत. मी गोदामात जाऊ लागलो. बोटी दुरुस्त करणाऱ्या परदेशी माणसांचे व्हिडिओ मोबाईलवर पाहून मी अजिनाथला मराठीत सांगे आणि तो ते हाताने करून पाही. ती विद्या दोघांनाही नवी होती. पहिल्याच आठवड्यात आम्ही खिडक्यांच्या कडा बाहेरून सिलिकॉनने लिंपून टाकल्या आणि जिंकल्यासारखा चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतले, तर ते आत आलेच. कडेचा जुना मसाला आधी खरवडून काढावा लागतो, काच उतरवून पुन्हा बसवावी लागते, हे आम्हाला मागाहून कळले.

"भाऊ, तुमचा गोरा शेवटचं आदी आन् पयलं नंतर सांगतोय," अजिनाथ म्हणाला.

"मीच पुढं ढकलत पाहिला त्याला."

"मग माझ्या लग्नात मंगलाष्टकं बी अशीच पुढं ढकला. उन्हात उभं राहायचं तरी वाचंल."

त्याच्याशी बोलताना मी अडखळत नसे, हे मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आले.

बोटीत पाणी जिथून शिरते तिथे ते दिसत नाही. वरच्या कठड्याच्या एखाद्या सैल स्क्रूतून ते आत उतरते, छताच्या पोटातून लपत जाते, आडव्या तुळईच्या कडेकडेने चालते आणि भलत्याच कोपऱ्यात ठिबकते. डाग दिसतो तिथे माणूस बोट दाखवतो, आणि दोष दूर कुठेतरी वर, उन्हात चमकत असतो. आम्ही कठड्याचा एकेक स्क्रू काढला, भोके भरून पुन्हा पाडली, डोलकाठीच्या बुडाशी नवे रबर बसवले. मग तळ उचकटला. खालच्या दोन तुळया इतक्या कुजल्या होत्या की त्यांचा भुगा बोटांत येई. अजिनाथने कुजका भाग कापून तिथे सागाचे तुकडे जोडले, आणि वखारीतून आणलेल्या सागाच्या नव्या फळ्या रंधून एकमेकींत अशा बसवल्या की त्यांच्यामधून कागदही गेला नसता. काम करताना तो मोबाईल बाकावर ठेवी. अंबिकेचा फोन आला की रंधा थांबे.

"तुमची बोट डुबत्या का अजून?" ती विचारी. आवाज मोठा असल्याने मलाही ऐकू येई.

"पाण्यातच नाय तर डुबंल कशी?"

"मग तुम्ही कशात एवढं बुडालाव?"

तो माझ्याकडे बघून ओशाळे आणि बोटीच्या टोकाकडे जाऊन बसे.

शेवटी राहिला तळाला द्यायचा लेप. बोटीचे खास वार्निश मुंबईहून मागवावे असे मी घरी जेवताना सांगितले. नाना ताटातून मान वर न करता म्हणाले, "माझ्या बापाच्या गाडीला बिब्याचं तेल होतं. चाकं रोज गोदावरीत उतरायची. ना कूज, ना वाळवी. तुझं वार्निश त्याच्यापेक्षा शहाणं आहे का?"

बिबा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्याच्या काळ्या बियांचे तेल लाकडात मुरले की पाणी आत जात नाही. तेच तेल माणसाच्या अंगाला लागले तर कातडी सुजते, फोडांनी भरून येते. बिबा उतला, असे म्हणतात. कुणाला थेंबाने उततो, कुणाला नुसत्या वाफेने, आणि कुणाला काहीच होत नाही. केरबांना काही होत नसे. मेंढ्यांच्या खुरांना लावायला ते घरीच हे तेल काढत. अजिनाथ मात्र आईवर गेला होता. लहानपणी बिबे भाजत असलेल्या चुलीजवळून तो नुसता धावत गेला होता, तरी त्याचे डोळे सुजून मिटले होते.

केरबांनी मडक्यावर मडके उपडे घालून, गोवऱ्या पेटवून तेल उतरवले, आणि काठीला चिंधी बांधून एकट्याने सगळा तळ काळा केला. वर येऊन ते नानांना म्हणाले, "आता याला पंधरा दिस ऊन-वारा लागू द्या मालक. मंग भ्या नाय. तवर आमच्या पोराला आत धाडू नका."

नानांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरची धूळ ओल्या तेलावर बसेल म्हणून त्यांनी बोटीच्या खिडक्या बंद करवल्या आणि दाराला कुलूप घातले. चैत्राच्या उन्हात गोदामाच्या पत्र्याखालची बोटीतली ती खोली भट्टीसारखी तापत राहिली, आणि तेल आतल्या आत ओलेच राहिले.

अक्षय्य तृतीया तीन दिवसांवर आली तेव्हा नानांनी पाण्याचा टँकर मागवला. सगळी बोट वरून धुऊन काढायची आणि आत कुठे थेंब येतो का ते पाहायचे. ऋतुराजने पाइप हातात घेतला. मोनिकेला पाठवायला तो दुसऱ्या हाताने व्हिडिओ घेत होता. टँकरचा आवाज ऐकून मागच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन गोळा झाल्या. त्यांत कडूबाई सगळ्यांत पुढे. त्या गोदामाबाहेर भाजी विकत.

"धरणाचं पाणी आमच्या नळाला येत नाय, आन् तुम्ही घरीच धरण केलं व्हय, नानासाहेब?"

"खाली हंडे लावा कडूबाई. बोटीवरून पडंल तेवढं तुमचं," नाना म्हणाले. बाया हसल्या आणि बोटीखाली हंडे मांडू लागल्या. नाना चारचौघांत नेहमीच उदार असतात.

"आत कोण बसतंय?" त्यांनी विचारले.

केरबा पुढे झाले. "मी जातो."

"तुला समोरचा माणूस ओळखू येत नाही. थेंब काय दिसणार?"

"मी जातो, नाना," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे निवांत पाहिले. "तू? आणि राजेंद्ररावांसमोर सुजलेलं थोबाड घेऊन उभा राहशील?"

शर्टाचा रंग ठरवावा इतक्या सहजपणे ते बोलले. केरबांनी ऐकले, बानाबाईंनी ऐकले, अजिनाथनेही ऐकले. मग नाना त्याच्याकडे वळले. "अजिनाथ, खडू घे. थेंब दिसंल तिथं खूण कर."

"मालक, त्येला उततोय," केरबा म्हणाले. "तेल अजून ओलं हाय. निदान दार उघडं राहू द्या."

"दार उघडं ठेवून पाण्याची परीक्षा होती व्हय? बोट गळाली तर सांभाळायची काय? आणि सांभाळायला बोटच नसली तर नोकरी कशाची?"

पुढचा शब्द, लग्नाचा, त्यांनी उच्चारला नाही. तो सगळ्यांना ऐकू आला.

बानाबाईंनी आतून खोबरेल तेलाची बाटली आणली आणि मुलाच्या तोंडाला, मानेला, हातांना तेल चोपडले. "हळदीच्या आदीच तेल लागलं, आई," अजिनाथ म्हणाला. त्याने नाकाला रुमाल बांधला, बूट घातले आणि तो आत उतरला. ऋतुराजने बाहेरून दार लावून घेतले.

टँकर रिकामा व्हायला फार वेळ लागला. पाणी छतावरून, काचांवरून, कठड्यावरून धो धो वाहत होते, हंडे भरत होते, बाया आपापसांत नंबरावरून भांडत होत्या, आणि त्या सगळ्या आनंदी आवाजाच्या पोटात एक बंद खोली होती. मी काचेला डोळा लावला. आत काळोख आणि वाफ. एकदा त्याचा हात दिसला, खडूने तुळईवर रेघ ओढणारा.

"एका जाग्याला थेंब हाय," आतून त्याचा घोगरा आवाज आला. "दार उघडा. वरून स्क्रू आवळावा लागंल."

"वरून ऋतुराज आवळतो," नाना म्हणाले. "तू आतून मसाला भर. सारखं उघडबंद नको."

"नाना, त्याला बाहेर येऊ द्या," मी म्हणालो. पण ते मी कितव्यांदा आणि किती हळू म्हणालो, कोण जाणे. नाना टँकरवाल्याशी बोलत होते. मी दाराच्या कडीला हात घातला, तेव्हा ऋतुराजने पाइपाची धार माझ्या तोंडावर धरली आणि बाया खदखदून हसल्या. त्यांना ती भावाभावांची थट्टा वाटली.

अजिनाथ बाहेर आला तेव्हा त्याचे कपडे अंगाला चिकटले होते आणि डोळे लालभडक झाले होते. तरी तो हसत होता. "झालं, मालक. आता थेंब नाय," तो म्हणाला, आणि गोदामाच्या भिंतीला टेकून खाली बसला.

बिबा लगेच उतत नाही. तो रात्रभर कातडीखाली थांबतो. दुसऱ्या दिवशी अजिनाथच्या पापण्या जड झाल्या. संध्याकाळपर्यंत तोंड, मान, छाती, हात सुजून लाल झाले. मी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मलम दिले, गोळ्या दिल्या, आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. त्याच्याकडे दोन दिवसही नव्हते.

हळदीच्या दिवशी सकाळीच ट्रेलर आला आणि बोट धरणाकडे घेऊन गेला. गोदाम एकदम मोठे आणि रिकामे दिसू लागले. त्या मोकळ्या जागेत बानाबाईंनी चौक भरून पाट मांडला. दुपारी पुंडलिकमामा दोन बायांना घेऊन देवगावहून आले. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद, उष्टी हळद, मुलीकडे न्यायची असते. तीच तिच्या अंगाला लागते. ती न्यायला ते आले होते.

अजिनाथ पाटावर बसला होता. त्याचे डोळे पूर्ण मिटले होते. ओठ फुगून वाकडे झाले होते, गालांवरचे फोड फुटून त्यांतून पिवळे पाणी झिरपत होते. बानाबाई हळदीची वाटी हातात धरून त्याच्याभोवती फिरत होत्या आणि हळद कुठे टेकवावी ते त्यांना कळत नव्हते. शेवटी त्या खाली बसल्या आणि त्यांनी त्याच्या तळपायांना हळद लावली. बुटांमुळे तेवढीच जागा वाचली होती.

पुंडलिकमामा वाकून बराच वेळ पाहत राहिले. कडक इस्त्रीचा सदरा घातलेला, हळू बोलणारा माणूस. "हे काय झालं, केरबा?"

"बिबा उतलाय. बोटीला लावला व्हता."

"बिबा म्या बी बघितलाय. हाताला उततो, गालाला उततो. हा तर डोक्यापासून घोट्यापोतर हाय. एवढा बिबा आता कोण वापरतंय?"

केरबा धावत आत गेले आणि तेल काढलेले मडके घेऊन आले. मामांनी मडक्यात डोकावून ते हलकेच खाली ठेवले. "असं मडकं मेंढ्या असलेल्या समद्या घरांत हाय. माझ्या बी घरात हाय." मग ते म्हणाले, "थोरल्या भाचीच्या टायमाला पोराच्या अंगावर असंच दिसलं व्हतं. घामोळं हाय म्हणले. आम्ही पाव्हण्यांच्या शब्दावर ऱ्हायलो, आन् जुना रोग निघाला. ती पोरगी आज माझ्या घरी परत येऊन बसलीय. दुसरीच्या टायमाला मी डोळे झाकून हळद नेऊ का, तुम्हीच सांगा."

त्या माणसाचा मला राग येईना. मी पुढे गेलो. माझे नाव सांगितले, नानासाहेबांचा धाकटा मुलगा म्हणून सांगितले, आणि जे घडले ते सगळे सांगितले; कुलूप, टँकर, बंद दार. मी वाक्यावाक्याला अडखळत होतो. ते मान खाली घालून, मला मध्येच न तोडता ऐकत होते.

"धाकले मालक, तुम्ही म्हणता ते खरं असंल. पण बोट वडलांची हाय. त्यांनी एक शब्द सांगावा, मी हळद घेऊन निघतो. माझी काय खळखळ नाय."

त्यांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडे मांडव ठोकल्याचे आवाज येत होते. नानांच्या जवळच राजेंद्रराव कुणाशी तरी बोलत होते.

"रामराम नानासाहेब. देवगावचा पुंडलिक बोलतोय, अजिनाथच्या सासरचा. एकच इचारायचं व्हतं. बोटीला आतून बिबा लावलाय का?"

बानाबाई वाटी घेऊन फोनजवळ सरकल्या.

"बिबा?" नाना मोठ्याने म्हणाले आणि हसले. "अहो पाहुणे, तिथं आमचे व्याही बसणार, सूनबाई बसणार. तिथं बिबा लावीन का मी? कंपनीचं पॉलिश आहे."

"पोरगं म्हणतंय, बोटीतच उतला."

"पोरगं गुणी आहे, कामाला चोख आहे. अंगावरचं दाखवून घे म्हणून मी त्याला मागंच सांगितलं होतं. बाकी सोयरीक तुमची, तुमचं तुम्ही बघा. मी दुसऱ्याच्या लग्नात बोलत नसतो."

"नाना," मी फोनवर वाकलो, "नाना, ख... खरं सांगा. तु... तुम्हीच..."

"सत्यम तिथं आहे का? त्याचं मनावर घेऊ नका, पाहुणे. लहानपणापासून जरा तसाच आहे तो."

फोन बंद झाला. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि त्या नजरांत राग नव्हता. देवगावच्या एका बाईने तर मायेने माझ्या पाठीवर हात ठेवला. खरे बोलणाऱ्या माणसाला कुणी समजावून शांत करावे, याहून एकटे वाटण्याची जागा मला अजून माहीत नाही.

"चला, बोट बघायला चला," केरबा म्हणाले. "डोळ्यांनी बघा."

मामांनी कलत्या उन्हाकडे पाहिले. "तुझी बोट धरणावर. देवगाव उलट्या अंगाला. तिथं जाऊन परत जायाला रात व्हईल. आन् मालक नाय म्हणत असताना बोटीत कोण चढू देईल?" त्यांनी केरबांपुढे हात जोडले. "तुझं पोरगं चांगलं असंल, केरबा. पण ही हळद मी तिच्या अंगाला लावणार नाय."

"मंग पोरीचं?" बानाबाईंनी विचारले.

"मांडवात तिचं नाव पडलंय. ते मोकळं जाऊ देणार नाय. फुलंब्रीच्या एका घरानं मागं मागणी घातली व्हती."

ते निघून गेले. हळदीची वाटी पाटाजवळच राहिली. अंधार पडायच्या सुमाराला अजिनाथचा मोबाईल वाजला. त्याला दिसत नव्हते. मी नाव वाचून दाखवले आणि फोन त्याच्या कानाशी धरला.

"बिबाच हाय नं?" अंबिका विचारत होती. ती रडत नव्हती, घाईत होती.

"व्हय," तो सुजलेल्या ओठांनी म्हणाला.

"मंग मी सांगते मामाला."

त्यानंतर तिचा फोन लागला नाही. आम्ही लावत राहिलो.

सकाळी नानांचा निरोप आला. लग्न नाही तर पोराला धरणावर पाठवा. बोट पहिल्यांदा पाण्यात उतरते आहे, जवळ माहीतगार माणूस हवा. अजिनाथ भिंतीकडे तोंड करून पडला होता. बानाबाईंनी त्याला उठवून बसवले. "जा बाबा. काम तरी राहू दे." त्यांच्या आवाजात इतकी भीती होती की तो उठला. त्याचा एक डोळा किलकिला उघडू लागला होता. मी त्याला गाडीत घेऊन गेलो. वाटेभर तो त्या एका डोळ्याने मागे पडणाऱ्या, देवगावकडच्या रस्त्याकडे पाहत होता.

धरणावर मांडव होता, सनई होती. ऋतुराजने अजिनाथला दुरूनच थांबवले आणि तोंडाला टॉवेल गुंडाळायला लावला. बोटीच्या पुढच्या टोकाशी दोर ठेवायची एक अरुंद जागा असते. पाहुणे असेपर्यंत त्याने तिथे बसायचे होते. मीही तिथेच शेजारी दाटीवाटीने बसलो. मला कुणी शोधले नाही.

पूजा झाली, नारळ फुटला, बोट पाण्यात उतरली. पाण्याने तिला असे अलगद उचलले की एवढे महिने टेकूंवर उभी असलेली बोट तीच का, असे वाटावे. शीड वर चढले आणि वाऱ्याने भरले. ती फार सुंदर दिसत होती, आणि ती सुंदर दिसते आहे याचे मला वाईट वाटत होते. आतल्या खोलीत तळावर जाड लाल गालिचा अंथरला होता. मोनिका आणि ऋतुराजने अंगठ्या घातल्या. टाळ्या वाजल्या. अजिनाथने मला वेळ विचारली. मी सांगितली. देवगावचा मुहूर्त जवळ आला होता.

बोट धरणाच्या मध्यापर्यंत जाऊन वळली, पेढे वाटून झाले, फोटो काढून झाले. राजेंद्रराव बाकावर बसले होते. ते बांधकामातले माणूस. त्यांनी बुटाने गालिच्याची कड उलटली आणि तळाकडे पाहिले. "नानासाहेब, लाकूड काय सुरेख उतरलंय. आरशासारखं काळंभोर. पॉलिश कुठलं?"

"पॉलिश?" नानांचा आवाज सुखाने भरून आला होता. "अहो, बिबा आहे तो. घरी काढलेला. माझ्या बापाच्या गाडीची चाकं रोज गोदावरीत उतरायची, ना कूज, ना वाळवी. मी स्वतः उभं राहून करून घेतलंय."

राजेंद्ररावांनी पटकन पाय वर घेतले. बायका किंचाळल्या.

"घाबरू नका," नाना हसत म्हणाले. "वर गालिचा आहे. आणि ज्याला उतायचा त्याला उतून झाला."

सगळे हसले. मोनिकाही हसली. राजेंद्ररावांनी पाय खाली ठेवले आणि नानांच्या पाठीवर थाप मारली.

दोर ठेवायच्या जागेत आणि त्या खोलीत एकाच फळीचे अंतर होते. अजिनाथच्या मांडीवर दोराचे वेटोळे होते. त्याचे हात त्यावर थांबले. मी खिशातून मोबाईल काढला. पुंडलिकमामांचा नंबर मी आदल्या दिवशी लिहून घेतला होता. नाना अजूनही बिब्याबद्दलच बोलत होते, मोठ्याने, आनंदाने. फोन फळीजवळ नुसता धरला असता तरी देवगावला ऐकू गेले असते.

अजिनाथने माझ्या हातावर आपला हात ठेवला. तो हात गरम होता, फोडांनी खडबडीत.

"राहू द्या, भाऊ. अक्षता पडल्या असतील आता."

"तरी त्यांना कळू दे."

"तिला कळलेलंच हाय. आता कशाला तिला तिथं जड करता?"

मी मोबाईल खाली केला. बाहेर वारा बदलला, बोट एका अंगावर कलली आणि खोलीत पुन्हा हसण्याचा गलका झाला.

"अजिनाथ," नानांनी हाक मारली, "तळाखाली पाणी आलंय का बघ रे."

त्याने आमच्या पायांखालची लहान फळी उचलली, त्या काळ्या तळाखाली उघडा हात कोपरापर्यंत घातला आणि तुळयांमधून तो सावकाश फिरवला. मग हात बाहेर काढून त्याने बोटे एकमेकांवर घासून पाहिली.

"कोरडं हाय, मालक," तो म्हणाला.